पांढऱ्या डुकरिणीचं बाळंतपण

आमच्याकडं आधीच्या काळी गावठी डुकरं होती. सेलूच्या वेशीबाहेर दिवसभर उंडारायची, कुठंतरी काट्यात व्यायची आणि पिल्लं मागं घेऊन आपली आपण परत यायची. सासूबाईंची हयात त्यांच्यामागं गेली. मग नवऱ्यानं शेड घातलं, पांढरी डुकरीण आणली. तिचं पहिलंच वेत. पिल्लं जगली तर शेड चालणार होतं, नाहीतर आम्ही दोघं पुन्हा वीटभट्टीवर. मला मेलं तरी तिकडं जायचं नव्हतं.

ती सकाळी व्याली. मी नळावर गेले तेवढ्यात सासूबाईंनी शेगडी पेटवली. घरातल्या सगळ्या सुनांना दिली तशी धुरी त्यांनी डुकरिणीला द्यायला घेतली. निखाऱ्यावर ओवा टाकला, ऊद टाकला आणि एकेक पिल्लू धुरावर धरून शेकलं.

गावठी डुकरीण काट्यात व्यायची, सासूबाईंच्या हाताला कधी लागली नव्हती, म्हणून आजवर निभावलं. डुकरिणीला आपलं पिल्लू वासावरून कळतं, आणि हिच्या पिल्लांना वास उदाचा. त्यात पिल्लं केकाटायला लागली. डुकरिणीनं पहिलं पिल्लू तोंडात धरलं, फरशीवर आपटलं आणि चावून टाकलं. मग दुसरं. मी धावत आले तेव्हा सासूबाई आत हात घालून उरलेली ओढत होत्या. डुकरिणीनं त्यांचं मनगट दातांत धरलं. मी फावड्याचा दांडा घेऊन तिच्या नाकाडावर हाणला. हात सुटला. तरी मी हाणतच राहिले. माझा राग असाच आहे, एकदा सुटला की आवरत नाही.

"नको मारूस गं," सासूबाई रक्ताळलेला हात पदरात गुंडाळत ओरडल्या. "बाळंतीण हाय ती! चुकी माझी हाय."

"मग पिल्लांनी काय केलं होतं, आत्याबाई?" मी म्हणाले.

तीन पिल्लं वाचली. डुकरिणीला नवऱ्यानं त्याच आठवड्यात विकून टाकलं. पिल्लं खोक्यात, वर बल्ब लावून ठेवली. शेळीचं दूध बाटलीनं पाजायचं, रात्री उठून उठून. जरा मोठी झाली तसे नर खच्ची करायचे ठरले. मी मागचे पाय धरले, नवऱ्यानं ब्लेड चालवलं. त्यांच्या किंकाळ्यांनी कान बधिर झाले, पण मी पाय सोडले नाहीत. मग दुधात ज्वारीच्या कण्या, पुढं मक्याचा भरडा. अंगानं भरल्यावर हॉटेलातलं खरकटं, तेही हाडं, लिंबं काढून टाकून आणि उकळून. त्यातला एक नर तर माझा आवाज आला की कुंपणावर पुढचे पाय टाकून उभा राहायचा. मी त्याला मेल्या म्हणायची.

गिऱ्हाईक आलं. त्याला तोच नर हवा होता, जागेवरच मारून. दोन गडी दोर घेऊन आत शिरले. डुकरानं एकाला पाडलं, मांडी फाडली. दुसरा शिव्या देत पत्र्यावर चढला.

"तुझ्याबिगर न्हाई यायचा तो," नवरा म्हणाला. "तू बोलीव."

मी घमेल्यात भरडा घेतला आणि दाराबाहेर बसून हाक मारली. तो आला. घमेल्यात तोंड घालून मचमच खायला लागला. मी त्याच्या कानामागं खाजवत होते. नवऱ्यानं वरून घण घातला. एका घावात झालं नाही. दुसरा घालेपर्यंत तो माझ्याच मांडीत घुसायला बघत होता. मी त्याला दोन्ही हातांनी दाबून धरलं. त्याच्या तोंडातून रक्त आणि भरडा माझ्या लुगड्यावर आला.

सासूबाई तोंड फिरवून घरात गेल्या. आत उरलेली दोघं कुंपणाला धडका देत जिवाच्या आकांतानं ओरडत होती. मला भडभडून आलं. वाटलं, भावाला मारताना बघितलं यांनी. मी घमेलं उचलून जवळ गेले. दोघांची नजर माझ्या हातातल्या घमेल्यावर होती. रक्त लागलेला भरडा मी तसाच आत ओतला, आणि त्यांनी एकमेकांना ढकलत तो चाटून साफ केला.