कडूबाच्या इंजनाच्या दांड्या

टेंभुर्णीत पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या कडूबाला नाद एकच. वाफेवर चालणारं, हातभर लांबीचं आगगाडीचं इंजन. मशीन न्हाई, काही न्हाई. शिकंज्यात पट्टी धरायची, हॅक्सॉनं कापायची, कानशीनं घासायची. तीन वर्षं हेच करून राह्यलाय.

कारखाना मांडला शेळ्यांच्या गोठ्यात. म्हणून बायकोनं, सोनूबाईनं, यंदा मुदत घातली. पोळ्यापर्यंत इंजन चाललं तर ठीक, न्हाई तर टेबल बाहेर आन् शेळ्या आत. शेळ्या गाभण होत्या, बाईचं काही चुकलं न्हाई.

तांब्याचं बॉयलर रेडिएटरवाल्या लतीफनं करून दिल्तं. राह्यल्या होत्या चाकं जोडायच्या दोन दांड्या. डावी-उजवीत फरक पडू नये म्हणून कडूबानं दोन्ही पट्ट्या कथलाचा डाग देऊन एकीवर एक चिकटवल्या आन् एकदमच कापल्या. दोन दिवस घासल्या. बसवायला गेला तर दुसरं भोक चाकाच्या खुंटीवर येईना. पाच मिलिमीटर पुढं.

इंजनाच्या नकाशात दोन भोकांमधी नव्वद मिलिमीटर होते. कडूबाची हयात सुतात गेलेली. आमच्याकडं तीन मिलिमीटरला एक सूत धरतात, पंपाला तेवढं खपतं. त्यानं पट्टीवर तीस सूत मोजले. पण सूत म्हंजे इंचाचा आठवा हिस्सा, तीन मिलिमीटरहून जराशी जास्त; ती वाढ तीसदा साचली. सांगाड्याला नकाशाचा कागदच चिटकवून भोकं पाडल्ती, म्हणून तो बराबर. दांड्या मात्र दोन्ही हुबेहूब चुकल्या.

लतीफ म्हणाला, भोकं लांबट कर, चालून जाईल. कडूबा ऐकंना, म्हणे चाकं डुगडुगतील. पण दोन दांड्यांपुरतीच पट्टी उरल्ती आन् पोळा चार दिवसांवर. तो कागदावर गुणाकार मांडत बसला.

सोनूबाई शेळ्यांना पाला टाकायला आल्ती. उभ्याउभ्याच म्हणाली, "आकडे कशाला मांडता? बैलाचं जू करताना मान मोजता का? मानेवर ठिवून बघता की."

कडूबानं कागद बाजूला सारला. मंग कंपास घेतला. एक टोक एका चाकाच्या मधी, दुसरं पुढच्या चाकाच्या मधी, आन् तेच अंतर उरलेल्या पट्टीवर कोरलं. आकडा न्हाई, सूत न्हाई.

पोळ्याच्या सकाळी लतीफनं बॉयलर तापवलं. इंजन फुसफुसलं, फळीवरच्या रुळावरून निघालं आन् पाल्याच्या ढिगात घुसूनच थांबलं. बैलांच्या शिंगांना लावायचा लाल हिंगूळ वाटीत उरल्ता. सोनूबाईनं हिंगुळाचं बोट इंजनाच्या धुराड्याला ओढलं.

"उगं वाया जायचा," म्हणाली.

टेबल जागेवर राह्यलं. शेळ्यांसाठी कडूबानं दुसऱ्याच दिवशी बाहेर पत्र्याचं छप्पर टाकलं. खांबांची जागा मोजली न्हाई. शेळ्याच उभ्या करून बघितल्या.