समोर कोणी नसलेली मुलाखत

बावीस वर्षं प्रवासी कंपनीच्या काउंटरवर बसलेल्या बाईला सगळे ‘टाइमटेबल’ म्हणत. गाड्यांच्या वेळा तिला तोंडपाठ. मग लोक फोनवरच तिकिटं काढू लागले, काउंटरला कुलूप लागलं आणि पन्नाशीतली बाई घरी बसली. बावीस वर्षांचा अनुभव भंगारात काढायला मालकांना एक दुपार पुरली.

पण रडत बसणाऱ्यातली ती नव्हेच. आठ महिन्यांत एकोणचाळीस अर्ज केले. नकार यायचा तोही यंत्राचाच, माणसाची सही नाही. एका सहल कंपनीतला चाळिसावा अर्ज शेवटचा, पुन्हा कुणाच्या दारात जायचं नाही, असं तिने ठरवलं आणि नेमकं तिथूनच मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखतही फोनच्या पडद्यावर. समोर माणूस नाही. प्रश्न उमटणार, दोन मिनिटांत उत्तर रेकॉर्ड करायचं.

“आई, केस नीट करा,” सून म्हणाली.

“कोण बघतंय? भिंतीशीच बोलायचंय ना!”

“ही भिंत चुगलखोर आहे. साहेबांना सगळं दाखवते.”

प्रश्न आला: एका कुटुंबाला चार दिवसांची सहल सुचवा.

बाई ताठ बसली. “नमस्कार. किती जण आहात? बरोबर म्हातारं माणूस आहे? जिने चढता येतात का त्यांना?” एवढं विचारून ती थांबली. काउंटरची सवय, गिऱ्हाईक बोलल्याशिवाय तिने कधी नकाशा उघडला नव्हता. सेकंद पळतायत, सून हातवारे करतेय आणि ही आपली शांतपणे वाट बघतेय! वेळ संपली.

“अहो आई, उत्तर द्यायचं होतं!”

“काय देऊ, कपाळ? जाणार कोण तेच माहीत नाही!” ती फणकारली.

चौथ्या दिवशी फोन वाजला. सहल कंपनीतली भरतीवाली बोलत होती. “ताई, दोनशे जणांनी घडाघडा सहली सुचवल्या. म्हाताऱ्या माणसाची चौकशी एकट्या तुम्ही केलीत. वाटेत अडकलेल्या प्रवाशांचे फोन घ्यायला असंच कुणीतरी हवंय. आधी तीन महिने परीक्षा म्हणून कामावर याल?”

सून नाचायलाच लागली. बाईने तिला डोळ्यांनीच दटावलं.

“येईन. पण परीक्षा दोघांचीही हं! आणि काय ते लेखी पाठवा.”

फोन ठेवून तिने चष्मा पुसला.

“अगं,” ती सुनेला म्हणाली, “ते फोन घेताना कानाला लावायचं यंत्र चष्म्यावर बसतं का गं?”