पुढचा सोमवार

घरोघरी केबल यायच्या आधीची गोष्ट. वडिलांच्या ऑपरेशनसाठी आम्ही राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात होतो. खालच्या हॉलात टीव्ही होता. सोमवारी त्यावर खुनाच्या तपासाची मालिका लागायची. शाहूवाडीकडचा एक म्हातारा टोपी गुडघ्यावर ठेवून ती बघायचा. साक्षीला बोलावल्यासारखा, ताठ बसून.

मालिकेचं वेड खरं त्याच्या बायकोला. ती वर खाटेवर पडून होती, म्हणून हा बघून तिला सांगायचा. "खून कुणाचाबी हुंदे, तिचं एकच. नवऱ्यानंच केलंय म्हणती," तो मला हसत म्हणाला.

त्या सोमवारी इन्स्पेक्टरनं सगळ्यांना एका खोलीत जमवलं, बोट उचललं, आणि पाटी आली: उरलेला भाग पुढच्या सोमवारी.

म्हातारा ताडकन उठला. "आरं, आत्ता सांगा की!" टीव्हीवरच ओरडला. मग माझ्याकडं वळला. "डाक्टर म्हणत्यात, चार दिस बी निघायचं न्हाईत. पुढचा सोमवार कुठनं आणू, पावणं?"

थोड्या वेळानं वर गेलो, तर तो व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता.

"काय सांगितलं त्यांना?"

"नवऱ्यानंच केलंय म्हटलं. लई खूश झाली."

"बरं केलंत."

"खोटं न्हाय ते," तो म्हणाला. "दसऱ्यापासनं पोट धरून बसायची. भात कापून झालं की जाऊ, म्हणत ऱ्हायलो मी."

पुढच्या सोमवारी मालिकेतला नवरा निर्दोष सुटला. म्हातारा हॉलात नव्हता. असता तरी त्याला ते पटलं नसतं.