माझे मेक्सिकन साडू

आयर्लंडमधला सर्वांत अस्सल मेक्सिकन माणूस नागपूरचा आहे, आणि तो माझा साडू आहे. मेक्सिकोला ते कधीच गेलेले नाहीत. विमानात पाय सुजतात म्हणून नागपूरलाही क्वचितच जातात. पण ग्रँड कॅनाल डॉकच्या ऑफिसात दिवसभर कोड लिहून संध्याकाळी डार्टने, म्हणजे इथल्या लोकलने, डून लेरीला उतरले, की घराचा उंबरठा ओलांडताच त्यांचं मेक्सिको सुरू होतं. तिथला कुठला प्रांत, हे मॅनेजरवर अवलंबून. मॅनेजर वाकडं बोलला असेल तर उत्तरेकडची ॲकॉर्डियनवाली गाणी. चुकून बरं बोलला, तर वेराक्रूझची हार्प.

दर रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला आणि नंतर ऐकायला जायचो. एकदा माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘छान आहे तुमचं मारियाची.’’

साडूभाऊंनी आमटीची वाटी खाली ठेवली. ‘‘हे मारियाची? बाप्पा! ट्रम्पेट कुठं आहे यात? हुआपांगो आहे हा! व्हायोलिन ऐका, अन् गाणारा मधेच आवाज पातळ करून कसा वर फेकतो, ते तं ऐका. उद्या भारुडालाही लावणी म्हणाल तुम्ही!’’

मी लगेच माफी मागितली. माफी मागणं मला सोपं जातं. दाद देणं जमत नाही.

वेराक्रूझकडे लाकडी फळीवर टाचा आपटून ताल धरतात, असं कळल्यावर या गृहस्थांनी स्वयंपाकघरातल्या प्रेसचं, म्हणजे कपाटाचं, दार काढलं, जमिनीवर टाकलं आणि ऑफिसचे बूट घालून त्यावर उभे राहिले. शेजारच्या आयरिश आजीबाई धावत आल्या. ‘‘इज युअर मॅन ऑल राइट?’’ माझी मेहुणी शांतपणे म्हणाली, ‘‘ही इज ग्रँड.’’ मग आमच्याकडे वळून, ‘‘मसाल्याचे डबे तेवढे उघड्यावर आलेत.’’

पण कळस झाला इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात. मेक्सिकोत गाणं काळजाला भिडलं की ऐकणारा लांबलचक आरोळी ठोकतो. तीच तिकडची दाद. साडूभाऊंनी ती बाथरूममध्ये घोटून घोटून तयार केली होती. हॉलमध्ये एक बाई अभंग गात होत्या, आणि आलाप खरोखरच देखणा होता. सगळे ‘वा!’ म्हणाले. साडूभाऊंनी, भान हरपून, ‘‘आऽऽय-याय-याऽऽय!’’ केलं. पहिल्या रांगेतल्या दोन डॉक्टरांनी त्यांना आडवं पाडलं, एकाने नाडी धरली, आणि पुण्याहून आलेल्या एका आजी ओरडल्या, ‘‘कांदा फोडून हुंगवा रे त्याला!’’ त्याही अवस्थेत साडूभाऊ गाणाऱ्या बाईंना सांगत होते, ‘‘थांबू नका, ताई! दाद होती ती!’’

मग मेहुणीला पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, ट्रलीच्या हॉस्पिटलात नोकरी लागली, आणि बिऱ्हाड हलायची वेळ आली. शेवटच्या रविवारी साडूभाऊंनी चालू गाणं मधेच बंद केलं. असं कधी झालं नव्हतं. मग माझ्याकडे वळून म्हणाले,

‘‘साडूभाऊ, खरं सांगा. इतके रविवार तुम्ही ऐकत होते, का नुसते बसत होते? घरात तं कोणी ऐकत नाही. पोरगी हेडफोन लावते. मला आपलं वाटायचं, एक माणूस आहे.’’

मी म्हणालो, ‘‘छान असतं की.’’ पाहुण्याने पोह्यांबद्दल म्हणावं तसं. त्यांनी मान हलवली आणि स्पीकर खोक्यात भरला.

आता सांगतोच. त्यांनी ऐकवलेली गाणी मी गाडीत एकटा असताना लावत होतो, बायकोपासून चोरून. पन्नाशीतल्या हिशेबनिसाने वेड लावून घ्यावं, तेही साडूचं, याची लाज वाटायची. त्या वर फेकलेल्या आवाजाने सिग्नलला माझे डोळे भरून यायचे, आणि शेजारच्या गाडीतली माणसं सभ्यपणे दुसरीकडे बघायची.

गेल्या रविवारी जेवणं झाल्यावर घर फारच शहाण्यासारखं वागायला लागलं. मी ट्रलीला फोन लावला. पावसाबद्दल काही न बोलता एकदम म्हणालो, ‘‘मला आवडायचं. सगळंच. हुआपांगो तर फारच.’’

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

‘‘थांबा, बसून घेतो,’’ साडूभाऊ हळूच म्हणाले. ‘‘हं. आता सांगा, काय आवडलं त्यातलं?’’

मी अडखळत, लाजत बोलायला लागलो. आणि तो माणूस, मी ओळखतो तेव्हापासून पहिल्यांदाच, एक अक्षरही न बोलता ऐकत राहिला.