काळी साडी

बिबवेवाडीत पाण्याच्या नव्या टाकीचं उद्घाटन होतं. मंत्री येणार होते. आमचे नळ मात्र आठवडाभर कोरडे होते. पोलिसांनी सकाळीच आंदोलकांचे काळे झेंडे आणि गर्दीतल्या लोकांचे काळे रुमालसुद्धा काढून घेतले होते.

तेवढ्यात पन्नाशीच्या एक बाई काळी साडी नेसून आल्या आणि हाताची घडी घालून रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या.

"अहो बाई, घरी जाऊन साडी बदलून या," इन्स्पेक्टर म्हणाले.

"का? मी कुठं घोषणा दिली?"

"ही साडीच घोषणा आहे!"

"ऐकू आली ना? मग माझं काम झालं. घटनेनं बोलायचा हक्क दिलाय. तोंडानंच बोला, असं कुठं म्हटलंय?"

त्यांना पोलिसांच्या गाडीत बसवायचं ठरलं. कुणी हात लावायच्या आत त्या स्वतःच चढल्या. मंत्र्यांची गाडी वळणावर दिसताच त्यांनी खिडकीतून पदर बाहेर सोडला. तो वाऱ्यावर चांगला फडफडला. शेजारची महिला शिपाई तो आत ओढू शकली असती, पण ती दुसरीकडे बघत बसली.

बाईंचं नाव मला आजही माहीत नाही. त्या दिवशी जप्त न झालेला झेंडा तेवढा एकच होता.