कंपासवरचा माझा शेरा

मला बंगाली येत नाही. लिपी तेवढी वाचता येते, तीही पहिलीतल्या पोरासारखी, बोट ठेवून. तरी वर्षभर मी एका बंगाली बाईचं बंगाली तपासत होतो. कोणाला हसू येत असेल तर येऊ द्या, मला आता येत नाही.

झालं असं की सरकारी हिंदी अनुवादाच्या टेबलावरून मी निवृत्त झालो आणि वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेच्या घरात बसून बायकोचं डोकं खाऊ लागलो. तिनंच कंटाळून ओळखीतून काम शोधून दिलं. नागपूरचा एक कंत्राटदार इंटरनेटवर शब्दकोश करत होता. इंग्रजी शब्द, त्याचे अर्थ, मराठी आणि बंगाली प्रतिशब्द, आणि दोन्ही भाषांत एकेक उदाहरणाचं वाक्य. मराठी मी करायचं. बंगालीसाठी माणूस मीच शोधायचा, आणि तुम्हाला लिपी येते ना, मग तपासूनही तुम्हीच द्या, असं तो म्हणाला. नाही म्हणायला हवं होतं. पण 'तपासनीस' हा शब्द ऐकला आणि माझी कॉलर ताठ झाली.

माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही. दोन घरं सोडून एक बंगाली वहिनी राहतात. चाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन इकडे आल्या. नवरा दवाखान्यात एक्सरे काढायचा, तो वारला, लेक बंगलोरला. भाजीवाल्याशी त्या असं वऱ्हाडी भांडतात की तो इथल्याच केळझरचा गडी असून गप्प बसतो. कालचे वांगे ताजे म्हणून काऊन विकून राह्यला, इथून सुरुवात होते. कोलकात्याचा भाऊ फोनवर त्यांना चिडवायचा, की तू बंगाली विसरलीस, आता वर्ध्याचीच झालीस. त्या हसण्यावारी न्यायच्या, पण ते त्यांना लागायचं. मी काम सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, हे माझ्या भावाला मोबाईलवर दिसेल का. दिसेल म्हटलं. त्याच दिवशी वही घेऊन आल्या.

दुपारच्या चहावर आमचं काम चालायचं. बोलता बोलता मी त्यांना एक गोष्ट सांगून बसलो, जी बायकोशिवाय कोणाला ठाऊक नव्हती. तरुणपणी आमच्या रोहणा गावाहून शिकून मी पुण्याला एका प्रकाशनात मुलाखतीला गेलो होतो. वडील मजूर. धम्मदीक्षेनंतर आमच्या घरात जे पहिलं जाड पुस्तक आलं ते म्हणजे एक जुना शब्दकोश, त्याची पानं पाठ करत मी वाढलो. मुलाखतीत तोंडातून 'मले वाटते' निघालं आणि टेबलापलीकडचे तिघं एकमेकांकडे बघून हसले. माझ्या भाषांतराचा कागद परत आला, त्यावर लाल शाईत शेरा होता: भाषा ग्रामीण. त्या दिवसापासून मी मले-तुले तोंडातून उपटून काढलं. घरीसुद्धा. आईशी शेवटचं बोललो तेही पुस्तकी भाषेत, आणि ती माउली परक्या माणसाकडे बघावं तशी माझ्याकडे बघत राहिली. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मेल्याइले काय समजते भाऊ, म्हणाल्या, आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला.

मग कंपास हा शब्द आला. अर्थ तीन: दिशा दाखवणारं होकायंत्र, वर्तुळ काढायचं कर्कटक, आणि आवाका. पहिल्या अर्थाला वहिनींनी सरळ 'कम्पास' लिहिलं, तिसऱ्याला 'परिधि'. मी बंगालीचा छापील कोश उघडला, त्यात 'दिग्दर्शन यंत्र' सापडलं. काय भारदस्त वाटलं म्हणून सांगू. तो शब्द मी वर घातला, त्यांचा खाली. इथपर्यंत ठीक होतं.

उदाहरणाचं वाक्य त्यांनी असं दिलं होतं: "बाबार कम्पासडा अहनो उत्तर देखाय." बाबांचा कंपास अजूनही उत्तर दाखवतो. त्यांचे वडील पूर्व बंगालात नदीतल्या स्टीमरवर कामाला होते. फाळणीत गाव सुटलं तेव्हा खिशात तेवढा पितळी कंपास घेऊन आले. तो वहिनींच्या काचेच्या कपाटात असतो, मी हातात घेऊन बघितलाय. दुर्गापूजेला हे पान भावाला पाठवीन, बाबांची बोली वाचून रडेल बघा तो, असं त्या म्हणाल्या होत्या. शेकडो शब्द केले त्यांनी, पण जीव त्या एका वाक्यात होता. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

मी कोशात 'अहनो' शोधलं, नव्हतं. तिथं 'एखनो' होतं. 'कम्पासडा' नव्हतं, 'कम्पासटा' होतं. त्यांना विचारलं असतं तर दोन शब्द बदलून काम भागलं असतं. तसंच राहू दिलं असतं तरी कोणाचं काय बिघडत होतं? पण मी पडलो तपासनीस. वाक्य खोडलं, कोशाच्या आधारानं 'नाविकाकडे कंपास असतो' असलं एक मेलेलं वाक्य रचून घातलं, आणि शेऱ्याच्या रकान्यात टाइप केलं: भाषा ग्रामीण. त्यासाठी विचार करावा लागला नाही, बोटांत तयारच होतं. आणि खरं सांगतो, टाइप करताना मला बरं वाटलं. इतक्या वर्षांनी टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसायला मिळालं होतं. लाज वाटते लिहिताना, पण बरं वाटलं.

वहिनींना मी सांगितलं की वाक्य वरून बदललं. चक्क खोटं. पूजेच्या तोंडावर पान इंटरनेटवर आलं, आणि त्या कंत्राटदारानं अक्कल गहाण टाकून आमचा सगळा तक्ता, माझ्या शेऱ्यांसकट, दोघांनाही मेल केला.

दुसऱ्या दिवशी वहिनी फाटकापाशी उभ्या होत्या. हातात मोबाईल. आत या म्हटलं, आल्या नाहीत. आवाज चढवला नाही.

"भाऊ, पुण्यात तुमच्या बोलीले हसले, ते तुम्हीच मले सांगतलं होतं. मंग माह्या बापाच्या बोलीले तुम्ही असं काऊन लिहिलं?"

मी नियम सांगू लागलो. प्रमाणभाषा, कंत्राटदाराच्या सूचना, असलं काहीतरी. अर्ध्यातच थांबलो. चुकलं माह्यं वहिनी, हे अगदी जिभेवर आलं होतं. तोंडातून बाहेर काय पडलं? "क्षमस्व." जन्मात कोणाला क्षमस्व म्हटलं नव्हतं. वहिनींनी मान हलवली आणि गेल्या.

नंतर मी कंत्राटदाराला फोन करकरून सांगितलं, ते वाक्य परत घाला. तो म्हणाला, बंगाली आता यंत्रच करतं, जुन्या पानांना कोण हात लावतो. पान अजून आहे. नाविकाकडे अजून कंपास असतो. वहिनींचं नाव कुठंच नाही. खाली 'तपासणी' असं लिहून पुढं माझं नाव आहे. भावाला त्यांनी ते पाठवलं नाही.

वहिनींनी बोलणं टाकलेलं नाही, तेवढ्या त्या हलक्या नाहीत. सकाळी भाजीची गाडी येते, मी पिशवी घेऊन फाटकाबाहेर पडतो, तेव्हा त्यांचं वऱ्हाडी भांडण रंगात आलेलं असतं. मला बघून थांबतात. पदर सारखा करतात आणि म्हणतात, "नमस्ते भाईसाहब, कैसे हैं आप?"

मीही हिंदीतच उत्तर देतो. एकदम शुद्ध हिंदीत.