जांभळी विहीण

गल्लीच्या तोंडाशी तिचं पार्लर होतं. केस कापून झाले की गिऱ्हाइकाला खुर्चीत गरकन फिरवायची तिला भारी हौस, म्हणून सगळे तिला गिरकी म्हणत. मोठ्या देशांनी आपल्या देशावर निर्बंध लादले तेव्हा तिनं ती बातमी या कानानं ऐकली आणि त्या कानानं सोडून दिली. मग सासूबाईंची रक्तदाबाची गोळी मिळेना. सुट्या भागांवाचून नवऱ्याचा कारखाना बंद पडला. त्यात घाऊक दुकानदारानं हात वर केले, "काळा रंग? विसरा वहिनी, जहाजच येत नाही."

बघता बघता गल्लीतल्या चाळिशीच्या बायका साठीच्या दिसू लागल्या.

एके दुपारी थोरल्या जाऊबाई धावतच आल्या. "उद्या लेकीचं लग्न, आणि मी नवरीची आजी दिसतेय! काहीही कर, पण हे पांढरं झाक."

गिरकीनं चहाची पूड, बिटाची सालं आणि गंजके खिळे उकळले, गाळले आणि तो रंग देवाचं नाव घेऊन जाऊबाईंच्या डोक्यावर थापला. डोकं धुतलं, आरसा समोर धरला. जाऊबाईंनी एक बट ओढून डोळ्यांसमोर धरली.

"हे काय गं?"

"जांभळं आहे, ताई."

"ते दिसतंय मला!"

कोपऱ्यात बसलेल्या सासूबाईंना हसू आवरेना. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "हिला एकटीला हसतील. आम्हा सगळ्यांना लाव की!"

मग काय, पातेल्यावर पातेलं चढलं. आत्या, मावश्या, काकू, सगळ्यांची डोकी रंगली. नवरीही हटून बसली, "मला का नाही?" गिरकीच्या नवऱ्यानं डोकी धुता धुता स्वतःच्या मिशाही रंगवून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी मांडवाच्या दारात जांभळं वऱ्हाड उभं राहिलं आणि मुलाकडची मंडळी थिजली. नवऱ्या मुलाची आई तेवढी हळूच पुढे सरकली आणि जाऊबाईंच्या कानाशी लागली, "विहीणबाई, कुठे मिळतं हो हे?"

त्यानंतर पार्लरबाहेर रांगा लागल्या. निम्मं शहर जांभळं झालं.

काही वर्षांनी निर्बंध उठले. सासूबाई ते बघायला उरल्या नव्हत्या. त्यांची गोळी आली ती त्यांच्या मागून. कारखाना भंगारात गेला तो गेलाच. नवरा पार्लरमध्येच डोकी धुतो, आणि गप्पा इतक्या मारतो की बायका मुद्दाम त्याच्याकडे येतात. दुकानात हवा तो रंग मिळतो, तरी गिरकी दिसेल ती बाटली उचलते. पलंगाखाली खोकी, खोक्यांवर खोकी. पलंग इतका वर गेलाय की नवरा स्टुलावरून चढतो.

"अगं, आता रोज मिळतं सगळं," तो वरून ओरडतो.

"मिळतंय तोवर घेते!" ती खालून आणखी एक खोकं रेटते.

"मग मला शिडी तरी घे!"

आणि दोघं हसत सुटतात.